तो मागे सरकत होता

लेकीच्या घराच्या दारावर, बेलशेजारी, एक छोटा कॅमेरा बसवलेला आहे. दारासमोर काही हललं की तो आपोआप चित्रण सुरू करतो. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळचं त्यातलं चित्रण मी आजवर तीसेक वेळा तरी पाहिलं असेल. त्यात मी आहे, माझी सहा वर्षांची नात आहे आणि पार्सल पोचवायला आलेला एक तरुण आहे. सगळा मामला चार सेकंदांचा. तेवढ्यात मी नातीला पायरीवर पाडलं, तिच्या हनुवटीला चार टाके पडले, आणि एका निरपराध माणसावर मी पानं गोळा करायचा लोखंडी पंजा उगारला.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. १९७८ मध्ये बेळगावच्या सेंटरमध्ये भरती, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं पलटणीत. ‘मला भ्रम होत नाही’ असं मी मानत आलो होतो. ही चूक मी लिहून काढतोय, कारण तिच्या चित्रणाने माझी छत्तीस वर्षांपूर्वीची दुसरी चूक उघडी केली. ती हिच्याहून फार मोठी होती.

पार्सिपनी हे न्यू जर्सीतलं गाव आपल्या माणसाला तसं परकं वाटत नाही. लेक हायवाथा भागात नॉर्थ बेव्हरविक रोडवर कोथिंबिरीपासून दिवाळीच्या पणत्यांपर्यंत सगळं मिळतं. संध्याकाळी फिरायला निघालं की दोन-चार आजी-आजोबा भेटतातच. मात्र जवळच, रॉकअवे टाउनशिपमध्ये, अमेरिकन लष्कराचं पिकॅटिनी आर्सेनल आहे. दारूगोळ्यावरचं संशोधन आणि चाचण्या तिथे चालतात. हवा तशी असली की चाचणीचा धमाका दूरवर घुमतो.

त्या दुपारी असे दोन आवाज आले. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरली. लेक आतून म्हणाली, “बाबा, काही नाही हां, पिकॅटिनी आहे.” मी म्हणालो, “माहितीये मला.” ते खरंच होतं, डोक्याला माहीत होतं. पण त्यानंतर चहाचा कप उचलताना माझा हात नेहमीपेक्षा घट्ट होता, आणि अंगणात जाताना मी आधी रस्त्याची दोन्ही टोकं पाहून घेतली. तेव्हा ते ध्यानात आलं नाही. रस्त्याकडे तसं पाहणं चित्रणात दिसतं.

दिवस मावळत होता. हॅलोविन जवळ आल्यामुळे शेजारच्या अंगणात प्लास्टिकचे सांगाडे उभे होते. मी घराच्या कडेला पंज्याने पानं ओढत होतो. नात दारासमोरच्या पायरीवर बसून पानांचा रंगाप्रमाणे हिशेब लावत होती. तेवढ्यात एक माणूस आला. गडद कपडे, डोक्यावर टोपी. तो पायरीजवळ वाकला आणि मग दोन्ही हात पुढे करून काहीतरी काळं त्याने दाराच्या दिशेने धरलं. दारात माझी नात होती.

नंतर दवाखान्यात नातीचे टाके घालून होईपर्यंत बाहेर बसलो असताना मी लेकीला आणि जावयाला जे सांगितलं, ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, “तो धावत आला. वाकून आला. मी दोनदा आवाज दिला, थांब म्हणालो. तो थांबला नाही. हातातली वस्तू पोरीवर रोखून तो पुढे येत होता. दहा-बारा सेकंद मी वाट पाहिली.” यातला एक शब्दही मी बनवून सांगितला नव्हता. देवासमोर उभं केलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

रात्री लेकीने फोनवर चित्रण लावलं आणि माझ्या हातात दिलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगताय ते यात नाहीये.”

चित्रणात तो तरुण चालत येतो, सावकाश. नातीकडे बघून हात हलवतो, आणि तीही हात हलवते. तो खोकं खाली ठेवतो, एक पाऊल मागे जातो आणि पार्सल पोचल्याचा पुरावा म्हणून दाराचा फोटो काढायला फोन वर धरतो. इथे रोजच सगळे तसा काढतात, मी शंभर वेळा पाहिलेलं आहे. फोन वर जाण्यापासून नात पडेपर्यंत चार सेकंद. मी त्याला एकदाही हाक मारलेली नाही. उलट मी ओरडतोय ते नातीवर, “लेट जाओ! पोझिशन!” इतकी वर्षं घरात न वापरलेली भाषा. ती लहान पोर भांबावून माझ्याकडे वळते आणि मी तिला दाबून खाली पाडतो. आपण ओरडलो हे मला आजही आठवत नाही. तिचं रडणंही मला ऐकू आलं नव्हतं. चित्रणात ते सगळ्यात मोठं ऐकू येतं.

आणि तो तरुण. त्याचा फोन गवतात पडलेला. दोन्ही हात वर. तो पुढे येत नव्हता. तो एकेक पाऊल मागे सरकत होता.

चित्रण तिथे थांबवून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. ‘मागे सरकत होता’ हे शब्द मी पूर्वी ऐकले होते, आणि ते बोलणाऱ्याचं तोंड मी बंद केलं होतं.

१९८७ चा नोव्हेंबर, श्रीलंकेतलं जाफना. ऑक्टोबरात तिथल्या तमिळ बंडखोरांविरुद्ध ऑपरेशन पवन सुरू झालं. महिना संपायच्या आत शहर आपल्या फौजेच्या ताब्यात आलं, पण बाहेरच्या वाड्या-वस्त्या आणि गल्ल्या कुणाच्याच ताब्यात नव्हत्या. ताडाच्या झावळ्यांची पुरुषभर उंच कुंपणं, मधून वाळूची अरुंद वाट. कुंपणापलीकडे विहीर आहे की बंदूक, कळायला मार्ग नाही. वाटेत सुरुंग. आमच्याकडे एसएलआर रायफली, समोर एके-४७. धोका खोटा नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्याच भागात, २५ नोव्हेंबरला, शोधमोहिमेवरून परतणाऱ्या ८ महार पलटणीच्या तुकडीवर हल्ला झाला. मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही समोरच्याची रायफल हिसकावून लढले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लढाई आणि नंतरची अडीच वर्षं मिळून श्रीलंकेत आपले अकराशेहून जास्त जवान गेले.

मी तेव्हा नाईक होतो, सेक्शन माझ्या हाताखाली. दोन दिवस आधी पुढच्या सेक्शनचा एक पोरगा सुरुंगावर गेला होता. त्या संध्याकाळी गस्तीवर निघालो तेव्हा आम्ही कुणी एकमेकांशी बोललो नव्हतो. एका वळणावर कुंपणातल्या फटीतून एक माणूस उभा राहिला. त्याच्या हातात लांब, सरळ काहीतरी होतं. मी “फायर” म्हणालो आणि स्वतः दोन गोळ्या झाडल्या. माझ्या डावीकडे साताऱ्याकडचा एक एकवीस वर्षांचा जवान होता. त्याने गोळी चालवली नाही.

कुंपण ओलांडून गेलो तर एक म्हातारा खांद्यात गोळी लागून पडलेला. शेजारी बांबू. पडकं कुंपण बांधायला आणलेला असावा. आमच्या डॉक्टरांकडे त्याला उचलून नेला. त्याची बायको मागून चालत होती. तिने आवाज केला नाही. पुढे त्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

साहेबांनी रात्री विचारलं. मी सांगितलं, “साहेब, तो वाकून पळत आला. मी आवाज दिला. त्याने बांबू खांद्याला लावून रोखला.” मला तेच दिसलं होतं. मग साहेबांनी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, तो उभा होता. आम्हाला बघून मागे सरकत होता.” मी साहेबांसमोर काही बोललो नाही. बाहेर आल्यावर त्याची कॉलर धरली आणि सगळ्या सेक्शनसमोर म्हणालो, “भ्यालास म्हणून हात चालला नाही, आणि आता मला खोटं पाडतोस?” तो म्हणाला, “उस्ताद, मला दिसलं ते सांगितलं.” दुसऱ्या दिवसापासून मी त्याला गस्तीवरून काढून लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या, कामाला लावला. पोरं त्याला ‘बर्फ’ म्हणू लागली. मी ते थांबवलं नाही. पंधरा वर्षं पुरी करून तो शिपाई म्हणूनच घरी गेला. मी सुभेदार झालो.

पार्सिपनीत हॅल्सी रोडवर सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्या चित्रणानंतरचा महिनाभर मी रोज तिथे बसलो. इंग्रजी हळू वाचतो, अडलं की लेकीला विचारतो. मला एकच जाणून घ्यायचं होतं: मी खोटारडा आहे की माझे डोळे?

वाचून जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो. न्यू यॉर्कचे शास्त्रज्ञ जोसेफ लेदू यांनी उंदरांवर अनेक वर्षं काम करून दाखवलं की धोक्याची वर्दी मेंदूत दोन वाटांनी जाते. एक वाट लांबची. ती विचार करणाऱ्या भागातून फिरून येते, आणि नेमकं काय आहे ते सांगते. दुसरी आडवाट, अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाकडे थेट जाणारी. ही वाट तपशील आणत नाही. ‘लांब, काळं, आपल्याकडे’ एवढंच आणते, पण लवकर आणते. सापावर पाय पडण्याआधी पाय उचलला जातो तो या वाटेमुळे, आणि दोरीवरून उडी मारतो तेही हिच्यामुळेच. मग अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, हाता-पायांत ताकद येते. नजर मात्र निमुळती होते. जिथे धोका वाटतो तेवढंच दिसतं, कडेचं पुसलं जातं. कान बंद होतात. गोळीबारातून गेलेल्या कितीतरी जवानांनी आणि पोलिसांनी स्वतःच्या बंदुकीचा आवाजही ऐकू आला नाही असं सांगितलेलं आहे. माझ्या नातीचं रडणं त्यातच गेलं.

दहा-बारा सेकंदांचंही उत्तर मिळालं. मेंदूचे अभ्यासक डेव्हिड ईगलमन यांच्या गटाने माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळीत सोडलं. आपलं पडणं प्रत्यक्षापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वेळ चाललं, असं त्यांना वाटलं. पण पडताना मनगटावर झरझर बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा चांगले वाचता आले नाहीत. त्या क्षणी आपल्याला जास्त वेळ मिळालेला नसतो. भीतीच्या क्षणाची आठवण दाट साठते, म्हणून तो नंतर लांब वाटतो. ‘मी वाट पाहिली’ असं मी सांगत होतो, ती वाट मी आठवणीत पाहिली होती.

आणखी एक प्रयोग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. शत्रूच्या हाती सापडल्यास कसं टिकावं याचं कठोर प्रशिक्षण अमेरिकन सैनिकांना देतात. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन यांनी अशा पाचशेहून जास्त सैनिकांची परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं, काल तुमची उलटतपासणी घेणारा यातला कोण? तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ तोंडासमोर होता. तरी ज्यांची तपासणी कडक झाली होती त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना तो ओळखता आला नाही. हे कसलेले, धडधाकट सैनिक होते.

मग ३ जुलै १९८८ ची गोष्ट. इराणच्या आखातात अमेरिकेची ‘व्हिन्सेन्स’ ही युद्धनौका इराणी बोटींशी चकमकीत होती. आदल्या वर्षीच ‘स्टार्क’ या नौकेवर इराकी क्षेपणास्त्रं आदळून ३७ खलाशी मेले होते, ते सगळ्यांच्या मनात ताजं. अशात रडारवर एक विमान उमटलं. आतल्या माणसांनी कप्तानाला सांगितलं की ते लढाऊ विमान आहे आणि खाली झेपावत नौकेकडे येतंय. नौकेने क्षेपणास्त्रं सोडली. ते बंदर अब्बासहून दुबईला जाणारं प्रवासी विमान होतं. २९० माणसं मेली, त्यांत ६६ मुलं. चौकशीत नौकेच्याच यंत्रांची नोंद तपासली तेव्हा दिसलं की विमान सारा वेळ वर चढत होतं. आकडे पडद्यावर होते. तरी आतली माणसं ‘खाली येतंय’ म्हणत राहिली. ती खोटं बोलत नव्हती. हल्ला होणार हे मनाने आधीच ठरवलेलं असल्यामुळे चढतं विमान त्यांना उतरतं दिसलं.

आपल्याकडेही हे घडलं. २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी काश्मीरच्या आकाशात पाकिस्तानी विमानांशी झटापट चालू होती. त्याच वेळी बडगाममध्ये आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात वायुदलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. ते वाचताना मला वाटलं, एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने सगळ्या देशासमोर सांगितलं. मी एका सेक्शनसमोर सांगू शकलो नव्हतो.

तिन्हीकडे, नौकेवर, बडगामला आणि जाफन्यात, माणसं आधीच ताणलेली होती. आधी कुणीतरी मेलेलं होतं किंवा मरणार असं वाटत होतं. पार्सिपनीत तर कुणी मेलेलंही नव्हतं. दोन धमाके आणि प्लास्टिकचे सांगाडे पुरले. पाहण्याआधीच शरीर तयार होतं, आणि तयार शरीराला हवं ते डोळ्यांनी पुरवलं.

एवढं वाचल्यावर मी स्वतःला माफ करू शकलो असतो, आणि दोन दिवस तसं केलंही. मेंदूच असा, त्याला मी काय करणार? तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की हा हिशेब अर्धाच आहे. कुंपणापलीकडचा बांबू मला रायफल दिसला, ही घाबरलेल्या डोळ्यांची चूक. त्या डोळ्यांना शिकवता येतं. श्वास मोजायला, डोकं वळवून दोन्ही बाजू बघायला, जे दिसतं ते मोठ्याने उच्चारायला शिकवलं तर तोंडून शब्द निघेपर्यंत लांबच्या वाटेची वर्दी पोचायला जरा वेळ मिळतो. त्या चुकीची शिक्षा म्हाताऱ्याने भोगली आणि ती माझ्याच नावावर आहे. पण रात्री तंबूबाहेर मी जे केलं तेव्हा गोळीबार नव्हता, अंधारात कुणी दबा धरून नव्हतं. छाती शांत होती. तेव्हा माझ्यासमोर दोन साक्षी होत्या, आणि मी फक्त एवढंच पाहिलं की त्यातली एक माझी आहे. मला खात्री होती, म्हणून ते खरं होतं. हे मेंदूने केलं नाही. मी केलं.

पलटणीत पुढे मी कितीतरी पोरांना शिकवलं. निशाणा, गस्त, सुरुंग ओळखणं. चकमक झाल्यावर प्रत्येकाने काय पाहिलं ते आपापसांत बोलण्याआधी वेगवेगळं सांगावं, आणि सगळ्यात कनिष्ठ माणसाने पहिल्यांदा सांगावं, एवढं मी एकदाही शिकवलं नाही. सुभेदाराचं ऐकल्यावर शिपाई वेगळं पाहिल्याचं सांगेल कसा? माझ्यानंतर ज्यांच्या हाती सेक्शन असेल त्यांनी एवढं तरी करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्या तरुणाबद्दलही सांगतो. दुसऱ्या दिवशी लेकीने त्याच्या कंपनीला फोन करून चित्रण पाठवलं आणि चूक सर्वस्वी आमची असल्याचं कळवलं. त्याच्यासाठी मी पत्र दिलं. तो पुन्हा आमच्या रस्त्यावर दिसला नाही. नव्याने येणारे आमची खोकी दाराशी आणत नाहीत, अंगणाच्या तोंडाशी, रस्त्यालगत ठेवून जातात. ती उचलून आणायचं काम मी स्वतःकडे घेतलंय. नातीच्या हनुवटीखाली बारीक पांढरी रेघ राहिली आहे. ती माझ्या मांडीवर पूर्वीसारखीच बसते, पण मी अंगणात पंजा घेतला की घरात जाते.

त्या जवानाचा नंबर माजी सैनिकांच्या ओळखीतून मिळाला. इथे रात्रीचे दहा वाजले होते, साताऱ्याकडे सकाळ होती. मी नाव सांगितलं. तो लगेच म्हणाला, “उस्ताद! बोला.” मी जे घडलं ते सांगितलं, इथलं आणि तिथलं. म्हणालो, “तू बरोबर पाहिलं होतंस. मी चुकलो होतो. आणि नंतर तुझ्याशी वागलो ते पाप होतं.”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “उस्ताद, मी शहाणा होतो म्हणून गोळी चालवली नाही असं नका समजू. मी भ्यालोच होतो. हातच उचलले नाहीत. तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं.”

मी म्हणालो, “पण तुला दिसलं ते तू सांगितलंस.”

“ते सांगितलं, म्हणून तर लंगरला गेलो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मग तोच म्हणाला, “माझा पोरगा लहान असताना गावच्या मेळाव्यात कुणीतरी त्याच्यासमोर मला ‘बर्फ’ म्हणून हाक मारली. त्याने घरी येऊन विचारलं, बर्फ म्हणजे काय. मी सांगितलं नाही. त्याने दुसरीकडून शोधून काढलं. तुम्ही त्याच्याशी बोलाल?”

मी हो म्हणालो. पोरगा आता तिशीचा आहे, नोकरीला पुण्यात आहे. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. नमस्कार करून तो थेट म्हणाला, “वडील म्हणाले तुम्ही तिथे होतात. मला एकच विचारायचंय. नक्की काय झालं होतं?”

छत्तीस वर्षं मी या प्रश्नाला एक उत्तर देत आलो होतो. ते अजूनही माझ्या डोळ्यांसमोर होतं, वाकून पळत येणारा, बांबू रोखणारा माणूस, अगदी स्पष्ट. ते चित्र पुसलं जात नाही, जाणारही नाही. ते डोळ्यांसमोर असतानाच मी त्याला त्याच्या वडिलांची साक्ष सांगितली.

“एक म्हातारा माणूस उभा होता. त्याच्या हातात कुंपणाचा बांबू होता. आम्हाला बघून तो मागे सरकत होता. मला ते दिसलं नाही. तुझ्या वडिलांना दिसलं.”